मोरीत उतरलेला नहरदार

उगवतीला तांबडं फुटलं, तेव्हा अंबरकोटच्या तटाबाहेर पार नदीच्या वाळवंटापर्यंत गनिमाच्या राहुट्याच राहुट्या दिसत होत्या. आणि तटाच्या आत, जिथं या वेळी घागरींचा नुसता कालवा असायचा, त्या मोठ्या हौदाभोवती शेकडो माणसं गपगार उभी होती. पटकीनं पेठांमागून पेठा ओस पाडल्या होत्या.

डोंगरातल्या तलावाचं पाणी भुयारी नहरेतून या हौदात येई. गनिमाला त्या नहरेचा थांगपत्ता नव्हता. शहराचा रिवाज असा, की रोज सकाळी नहरदारानं सगळ्यांदेखत पहिली ओंजळ प्यायची, मग नगारा व्हायचा, आणि मगच घागरी बुडायच्या. त्या नहरदाराला शहराची घाण वाहणाऱ्या मोरीचा विटाळ मुळीच चालत नसे. निंबाजींच्या घराण्यात हा मान पिढीजात.

निंबाजींनी ओंजळ भरली, नाकाशी नेली आणि जमिनीवर ओतून दिली.

"प्या, नहरदार!" दिवाण अंताजीपंत खेकसले. "तुम्हीच कच खाल्लीत, तर शहर आजच दरवाजे उघडील!"

"पंत, इतके दिवस कळलं नाही, पण आज याला मोरीचा वास येतोय. नदीकडची मोरी तुम्ही चुन्यादगडानं बुजवलीत. घाण तुंबली आणि नहरेत झिरपली. ती भिंत फोडा."

"आणि गनीम मोरीतून आत शिरला तर?"

तेवढ्यात मेणा टेकला. किल्लेदार रणात पडल्यापासून शहर झुंजवणाऱ्या त्यांच्या पत्नी, जिऊबाईसाहेब, खाली उतरल्या.

"पंत, आजची पहिली ओंजळ आपण घ्यावी."

पंत हौदापासून मागं झाले. "आमचं... घरच्या विहिरीचं पाणी झालं आहे, बाईसाहेब."

"मोरी बुजली त्याच दिवशी आपण ती पडीक विहीर उपसून घेतलीत, वर पहारे बसवलेत. आम्हांला वाटलं, दिवाण वेढ्याची तजवीज करताहेत. कसली तजवीज होती ती?"

"तहाची!" पंतांचा तोल सुटला. "पाणी नासलं की लोक हौद सोडतील, आपण शरण जाल, माणसं वाचतील, एवढाच हिशेब होता. लोक तसंच पीत राहतील, हे कुठं ठाऊक होतं! मग बिंग फुटायच्या भीतीनं मीच 'प्या' म्हणत राहिलो!"

"मी प्यायलो, म्हणून ते प्याले," निंबाजी पुटपुटले. अरे देवा, केवढं पाप आपल्या ओंजळीनं केलं!

पंतांच्या हाती बेड्या पडल्या. पण भिंत फोडणार कोण? मोरी उपसणारी माणसं पटकीत सगळ्यांआधी गेली होती आणि गवंडी मागं सरले. निंबाजींनी शेला सोडला, पहार उचलली.

"नहरदार, विचार करा," बाईसाहेब म्हणाल्या. "मोरीत उतरलात की घरच्यांनाही परके व्हाल."

"प्यायला माणसं उरली, तर त्याचं बघू, बाईसाहेब. आपण नदीवेशीशी घोडदळ तयार ठेवावं."

गळ्याइतक्या घाणीत उभं राहून, श्वास कोंडत, ओकत, निंबाजींनी घावावर घाव घातले; दगड हलला, भिंत फुटली आणि तुंबलेला तो सगळा लोंढा त्यांच्यासकट नदीपात्रात, गनिमाच्या ऐन मोर्च्यावर जाऊन आदळला. गोलंदाज तोफा टाकून पळाले. जिऊबाईसाहेबांचे स्वार त्यांच्यावर तुटून पडले. वेढा मोडला. निंबाजींना काठावरच्या शिपायांनी दोर टाकून ओढून घेतलं. हात कोणी दिला नाही.

पुढं हौद उपसला, नहर धुतली, पटकी ओसरली. बाईसाहेबांनी निंबाजींना भर दरबारात इनामगाव दिलं आणि नहरदारी त्यांच्या लेकाला, भिवजीला, बहाल केली. रिवाज मोडायची छाती मात्र बाईसाहेबांचीही झाली नाही. बापाचा स्पर्श लेकाला होता कामा नये, असं ठरलं.

त्या संध्याकाळी निंबाजी आपल्याच ओसरीखाली बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. भिवजी तांब्या घेऊन आला. हात पुढं केला, तसाच मागं घेतला, आणि तांब्या पायरीवर ठेवून मान खाली घालून उभा राहिला.

"आबा, सकाळी मला हौदावर जायचंय."

"मग लांब हो, बाळा," निंबाजी म्हणाले. लेक आत जाईपर्यंत ते तसेच तहानेले बसून राहिले, आणि मग त्यांनी तांब्याला हात लावला.