काहीच न मागणारे पत्र

"तुझी लॉटरी राहू दे बाजूला! माझा राजपुत्र बघ!" तोफ ओरडली. "बिचारा अख्खा खजिना द्यायला निघालाय, आणि तोही कुणाला? आपल्या मामांना!"

"खजिना कशात पाठवणार म्हणे?" शंकेखोराने विचारले.

"पेट्यांत. फक्त पेट्यांचं भाडं आपण भरायचं!"

तिघेही खो खो हसले. कुलूप-किल्ल्यांच्या दुकानामागच्या खोलीत, संगणकासमोरच्या एका बाकावर तिघांनी कशीबशी जागा करून घेतली होती. सुट्टीतला हा खेळ ताईच्या डोक्यातून निघालेला. मामांच्या संगणकातला स्पॅमचा कप्पा उघडायचा आणि सर्वांत हास्यास्पद पत्र शोधायचे. ताई तेरा वर्षांची, तिचा भाऊ शंकेखोर अकराचा; दोघे मामांकडे राहायला आले होते. शेजारच्या बेकरीवाल्यांच्या मुलीला तोफ का म्हणत, हे तिचा आवाज ऐकणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नसे.

कप्पा भरण्याचे श्रेयही ताईचेच होते. गेल्या वर्षी मामांना बँकेच्या नावाने एक पत्र आले होते. चोवीस तासांत पासवर्ड भरा, नाहीतर खाते बंद! मामांनी घाबरून तो भरला, आणि नव्या यंत्रासाठी साठवलेले सगळे पैसे गेले. तेव्हा ताईने संगणकाला नियमच घालून दिला की, ओळखीच्या यादीत नसलेल्या पत्त्यावरून येणारे प्रत्येक पत्र थेट स्पॅममध्ये जावे. तीस दिवसांनी तिथले पत्र आपोआप पुसले जाई. मामांनी त्या कप्प्यात एकदाही डोकावले नव्हते. पण "माझ्या भाचीनं पहारा बसवलाय" हे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मात्र ऐकवले होते.

"याला किती गुण?" म्हणत शंकेखोराने एक पत्र मोठ्याने वाचले. "'तातडीचे. मी रुग्णालयात आहे. परिचारिका हे लिहून देत आहेत. डॉक्टर माझ्याशी फारसे बोलत नाहीत, त्यावरून काय ते समजलो. जमले तर ये. नाही जमले तरी माझा राग नाही. तुझा जोडीदार.' खाली रुग्णालयाचं नाव आहे."

"शून्य!" तोफ म्हणाली. "हसूच येत नाही."

"म्हणूनच विचारतोय. याला हवंय तरी काय?"

ताईने पत्र पुन्हा वाचले. राजपुत्राला भाडे हवे होते, लॉटरीवाल्याला खात्याचा क्रमांक, आणखी कुणाला एका निळ्या लिंकवर क्लिक करून हवे होते. या पत्रात ना तशी लिंक होती, ना सोबत जोडलेले काही, ना पैशांचा उल्लेख. हे पत्र काहीच मागत नव्हते.

"तारीख बघ," शंकेखोर हळूच म्हणाला.

पत्र येऊन सत्तावीस दिवस झाले होते.

मामा बाहेर शिकंज्यात किल्ली धरून कानस चालवत होते. ताईने पत्र वाचून दाखवताच त्यांनी कानस खाली ठेवली. याच दुकानात बारा वर्षे त्यांच्याबरोबर बसणारा, एकाच उस्तादांकडे त्यांच्याबरोबर शिकलेला तो जोडीदार नऊ वर्षांपूर्वी भांडून निघून गेला होता. त्यानंतर दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते.

"फसवणूक आहे," मामा म्हणाले. "पुसून टाक."

"पण मामा..."

"अनोळखी पत्ता. घाई. जवळच्या माणसाचं संकट. या तीन खुणा मला कुणी पाठ करायला लावल्या गं?"

"मीच." ताईचा आवाज खाली गेला. "खुणा दिसल्या की थांबायचं, एवढंच मी सांगितलं. थांबून तपासायचं, हे सांगायचं राहून गेलं."

"त्यानं काही मागितलेलंच नाही, मामा," शंकेखोर म्हणाला.

"आज नाही मागितलं. आपण उत्तर दिलं की मग मागेल!"

"म्हणून उत्तर द्यायचंच नाही!" ताई म्हणाली. "पत्र खोटं असेल, तर उत्तरही त्याच लबाडाच्या हातात पडेल. रुग्णालयाचा नंबर आपण दुसरीकडून मिळवायचा."

"औषधांच्या दुकानात छापील यादी आहे!" म्हणत तोफ बाहेर धावलीसुद्धा. दाराशी मात्र ती वळली. "मामा, कुणी अनोळखी माणूस आला आणि म्हणाला, हे घर माझंय, कुलूप उघडून द्या, तर तुम्ही काय करता?"

"आत काय आहे ते आधी विचारतो. घरच्यालाच ठाऊक असेल असं काहीतरी."

"मग यांनाही विचारा की!"

नंबर आला. मामांनी तो दोनदा चुकीचा दाबला. तिसऱ्यांदा ताईने दाबून दिला. पलीकडून परिचारिका म्हणाली, "हो, आहेत ते इथे. आपण कोण?"

"त्याला एवढंच विचारा," मामा म्हणाले, "आम्ही दोघांनी मिळून उघडलेलं पहिलं कुलूप कशाचं होतं?"

बराच वेळ दूरवरच्या पावलांचा आणि कसल्याशा यंत्राचा आवाज येत राहिला.

"त्यांना बोलायला त्रास होतोय," परिचारिका परत येऊन म्हणाली. "पण म्हणतात, पिंजऱ्याचं. पोपट उडून गेला, आणि उस्तादांचा मार तुम्ही एकट्यानं खाल्लात." मग ती म्हणाली, "येणार असाल तर लवकर या."

मामांनी दुकानाला कुलूप लावले. तासाभराने ते बसमध्ये होते.

ते पाचव्या दिवशी परतले. तोवर मुले बेकरीवाल्यांकडे राहिली होती. बेकरीवाले येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते, "मोठ्यांना जमलं नाही ते या पोरांनी केलं!" ते ऐकताच ताई उठून आत जाई.

"भेट झाली," मामांनी सांगितले. "दोन दिवस मिळाले. तो बोलला थोडं, मी बोललो बरंच. मग गेला."

"आणि आधीचे सत्तावीस दिवस?" ताईने विचारले.

मामांनी पिशवी खुंटीला अडकवली.

"खरं सांगा, मामा."

"दाराकडे बघत असायचा, असं परिचारिका म्हणाली."

ताईला रडू फुटले. मामांनी तिला रडू दिले. तिची चूक नव्हती असे ते म्हणाले नाहीत, कारण तिला ते पटले नसते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "नियम तू घातलास. पण तो कप्पा वर्षभर न उघडणारा मी. आणि नऊ वर्षं पत्र न लिहिणाराही मीच. यातलं सगळंच तू घेऊ नकोस, माझ्या वाट्याचं मला राहू दे. तुम्ही तिघं नसता, तर तो आशा सोडूनच गेला असता. याबद्दल मी तुमचा ऋणी आहे, आणि हे मी उगाच म्हणत नाही."

मग त्यांनी खुर्ची संगणकाकडे ओढली. "तो नियम काढून टाक."

"पुन्हा कुणी फसवलं तर?"

"तुम्ही इथे आहात तोवर रोज एकत्र वाचू. नंतर फोनवरून विचारीन."

ताईने नियम काढला. संध्याकाळपर्यंत चौदा नवी पत्रे येऊन पडली. तोफेने पाहताक्षणी त्यातल्या तेरा लॉटऱ्या ओळखल्या, आणि शंकेखोराने एक पत्र खऱ्या गिऱ्हाइकाचे ठरवले. तरीही मामांनी चष्मा लावला आणि तेरापैकी एकही न वगळता सगळी पत्रे अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.