थॉर्नबी जिंकतेय कशी?

"सोडा! मफलर सोडा माझा!"

"सोडला तर मी पडेन हो!"

जानेवारीतल्या शनिवारची सकाळ होती. आभाळातून पाऊस पडत होता आणि जमिनीला टेकला की त्याची बर्फाची काच होत होती. पर्लच्या खानावळीच्या पायऱ्यांवर त्या माणसाचा पाय सटकला आणि हाताला जे लागलं ते त्याने घट्ट धरलं. ते होतं, त्याच्या पुढे चाललेल्या लीटा ब्रुबेकरचा लाल मफलर. लीटाने कठडा पकडून ठेवला म्हणून दोघंही वाचली.

"लागलं का तुम्हाला?" त्याने घाबरून विचारलं.

"नाही. फक्त गळा आवळलात." मफलर सैल करता करता तिची नजर त्याच्या जाकिटावर गेली. हिरवंगार जाकीट, छातीवर थॉर्नबी कॉलेजचं नाव. "अरे देवा... हे घालून तुम्ही आत जाणार?"

"का? आत कॉफी मिळत नाही?"

"मिळते. पण हा रंग बघून कपात ओततील की डोक्यावर, ते सांगता येत नाही."

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला तेवढी खळी पडायची. लीटाने ती पाहिली, आणि पाहिलीच नाही असं दाखवत दार ढकललं.

एल्डन आणि थॉर्नबी ही अमेरिकेच्या इंडियाना राज्यातली दोन लहान गावं, मध्ये वीस मैल मक्याची शेतं. दोन्हीकडे एकेक कॉलेज आणि कॉलेजची बास्केटबॉल टीम. एल्डनच्या लाल टीमने थॉर्नबीला सलग अकरा वर्षं धूळ चारली होती. इतकी, की थॉर्नबीची टिंगल करायलाही आता कुणाला मजा येत नव्हती. आणि या हिवाळ्यात तीच थॉर्नबी ओळीने चौदा सामने जिंकून बसली होती! पर्लच्या खानावळीत दुसरा विषयच नव्हता.

"बाहेरून पोरं आणलीत त्यांनी," निवृत्त पोस्टमन ऑर्विल टेबलावर बोट आपटत म्हणाला. "मी सांगतो, बाहेरून."

"कुठली बाहेरून? तीच मागच्या वर्षीची हाडं आहेत," बियाणं विकणारा डेलबर्ट म्हणाला. "यंदा यांच्या वाट्याला सगळ्या लंगड्या टीम आल्यात, बस."

"चौदाच्या चौदा लंगड्या?" पर्लने कॉफी ओतता ओतता विचारलं. "मला वाटतं यांच्या बास्केटची रिंगच मोठी केलीय."

सगळे हसले. लीटा गावातल्या शाळेत गणित शिकवायची, आकड्यांशिवाय तिला राहवत नसे. ती म्हणाली, "फ्री थ्रो."

"काय?"

"फाउल झाला की रेषेवर उभं राहून एकट्याने मारतात ना, ते. मागच्या वर्षी थॉर्नबीचे शंभरात अठ्ठावन्न आत जायचे. यंदा ब्याऐंशी जातात. तुम्ही काढा हिशोब, निम्मे सामने त्यांनी त्या रेषेवरच जिंकलेत."

"हॅ! फ्री थ्रोने कुणी चौदा सामने जिंकतं?" डेलबर्टने हात उडवला.

पण हिरव्या जाकिटातला माणूस कॉफीचा कप हातात तसाच धरून तिच्याकडे बघत राहिला होता.

"यालाच विचारा की," पर्ल म्हणाली. "काय रे बाबा, तू कोण?"

"डेन हॉस्टेटलर. मी... तिथला धाकटा कोच. म्हणजे पोरांना वेळेवर उठवायचं, बॉलमध्ये हवा भरायची, अशी मोठमोठी कामं."

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मग ऑर्विलने आपल्या शेजारची खुर्ची पायाने पुढे ढकलली. "बस. आणि खरं खरं सांग."

"या बाईंना इतकं कळलंय की माझ्याकडे सांगण्यासारखं फार उरलं नाही." मग लीटाकडे वळून तो हळूच म्हणाला, "हे तुम्ही आणखी कुणाला सांगितलंत?"

"सांगते सगळ्यांना. ऐकतं कोण?"

"मी ऐकतोय ना. नाव काय तुमचं?"

"लीटा ब्रुबेकर."

त्याचा कप बशीवर जरा जोरातच टेकला. "वेन्डेल ब्रुबेकरांची मुलगी?"

"बाबांना ओळखता तुम्ही?"

"त्यांना... कोण ओळखत नाही?" तो म्हणाला, आणि कान लाल होईपर्यंत कॉफीत बघत राहिला.

खरंच होतं ते. वेन्डेल ब्रुबेकर सव्वीस वर्षं एल्डनचे सहायक कोच होते. दोन वर्षांपूर्वी नवा मुख्य कोच आला, त्याने भिंतीवरचं एक घड्याळ भेट दिलं आणि त्यांना घरी पाठवलं. त्याच हिवाळ्यात लीटाची आई गेली. तेव्हापासून बाबा खिडकीपाशी बसायचे. समोर टीव्ही चालू असायचा, आवाज बंद. लीटा सकाळी शाळेत जाताना ते ज्या खुर्चीत असत, दुपारी परत येई तेव्हाही त्याच खुर्चीत सापडत. या ऑक्टोबरपासून मात्र ते दर मंगळवारी आणि गुरुवारी इस्पितळात हृदयाच्या व्यायामाला जाऊ लागले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. लीटा मनातल्या मनात त्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईला दुवा द्यायची.

पुढच्या शनिवारी डेन पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही.

"थॉर्नबीत कॉफी संपली वाटतं?" लीटाने विचारलं.

"कॉफी आहे. शिव्या द्यायला कुणी नाही."

"त्यासाठी वीस मैल?"

"चांगल्या शिव्यांसाठी चाळीस मैलही गेलो असतो."

बर्फ जास्त पडला तेव्हा त्याने तिची गाडी फावड्याने मोकळी करून दिली. तिने पायरीवर उभं राहून सूचना दिल्या, आणि शेवटी स्वतःचे हातमोजे काढून त्याच्या गोठलेल्या बोटांत चढवले. मोजे मधल्या पेरापर्यंतच गेले. दोघं खूप हसली, आणि मग हसू थांबलं तरी तिने त्याचा हात सोडला नाही. त्या दिवसापासून 'तुम्ही' गेलं आणि 'तू' आलं, कसं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

फक्त एक गोष्ट तिला खटकायची. बाबांचा विषय निघाला की डेन गप्प व्हायचा.

"घरी चल ना एकदा. बाबांना बास्केटबॉलवर बोलायला कुणी मिळत नाही."

"येईन... येईन नक्की. आत्ता नको."

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी दुपारी पर्लकडे टीव्हीवर थॉर्नबीचा सामना लागला होता. थॉर्नबी हरावी म्हणून सगळे नवस बोलल्यासारखे बसले होते. थॉर्नबीचा एक उंच पोरगा फ्री थ्रोच्या रेषेवर आला. त्याने वाकून उजवा तळवा डाव्या पायमोज्यावर पुसला, श्वास पूर्ण सोडला, गुडघे दोनदा वाकवले आणि बॉल मारला. आत. थोड्या वेळाने दुसरा आला. तळवा मोज्यावर, श्वास, गुडघे दोनदा. आत. मग तिसरा.

लीटाच्या हातातला काटा ताटलीवर पडला.

ती आठ वर्षांची असताना घरामागच्या अंगणात, गॅरेजवर ठोकलेल्या बास्केटखाली तिला कुणीतरी हेच शिकवलं होतं. 'तळवा मोज्यावर पूस, घाम तिथेच राहतो. श्वास सगळा सोड, भीती त्यातच असते. आणि गुडघे दोनदा.' जगात असं शिकवणारा एकच माणूस होता.

ती तडक घरी गेली. बाबा गॅरेजमध्ये रेडिओला कान लावून उभे होते. सामना थॉर्नबीचा.

"इस्पितळात व्यायाम, हो ना बाबा?"

त्यांनी रेडिओ बंद केला. हातातली टोपी फिरवली. "हार्डवेअरच्या दुकानात तो थॉर्नबीचा पोरगा, डेन, भेटला, ऑक्टोबरात," ते म्हणाले. "मी म्हटलं, तुमची पोरं त्या रेषेवर बसची वाट बघत असल्यासारखी उभी राहतात. तो रागावला नाही. म्हणाला, मग येऊन शिकवा. मी म्हटलं, मी एल्डनचा माणूस. तो म्हणाला, एल्डनने ठेवून घेतलं असतं तर मी विचारलंच नसतं."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तू याच गावात शिकवतेस. उद्या कुणी तुझ्या तोंडावर म्हटलं, तुझा बाप फितूर आहे, तर? मीच त्याच्याकडून वचन घेतलं होतं. तो बिचारा दर आठवड्याला मला म्हणायचा, लीटाला सांगू या. त्याच्यावर चिडू नकोस."

पण ती चिडली. संध्याकाळी डेनचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "चार आठवडे माझ्यासमोर बसून ऐकत होतास. मी अंदाज बांधत होते आणि तुला सगळं ठाऊक होतं. मजा वाटली असेल, नाही?"

"मजा? लीटा, मी पहिल्या दिवसापासून... वचन दिलं होतं गं मी."

"मग पाळ." तिने फोन ठेवला.

चार दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. मग गुरुवारी सकाळी तिला बाथरूममधून शीळ ऐकू आली. अगदी बेसूर. बाबा दाढी करता करता शीळ घालत होते. आई असताना घालायचे तशी. लीटा पॅसेजमध्ये भिंतीला टेकून ऐकत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. सगळ्या चिडीखाली जे होतं, ते तिला त्या क्षणी कळलं. ती त्या माणसाची ऋणी होती, आणि आभार मानायचे सोडून भांडत बसली होती.

शनिवारी पर्लकडे पुन्हा तोच वाद रंगला होता. त्या दुपारी एल्डन विरुद्ध थॉर्नबी असा सामना होता, एल्डनच्याच जिममध्ये.

"पंचांना हाताशी धरलंय," डेलबर्ट सांगत होता.

"नाही," लीटा उभी राहिली. "माझ्या बाबांनी शिकवलंय त्यांना. ऑक्टोबरपासून, आठवड्यातून दोनदा. ते चोरून गेले, कारण तुम्ही काय म्हणाल याची त्यांना भीती वाटत होती. आता काय म्हणायचं ते मला म्हणा."

डेलबर्ट उठला, त्याने कोट घेतला आणि दार आपटून निघून गेला. ऑर्विलने मात्र चष्मा काढून पुसला.

"वेन्डेल?" तो म्हणाला. "आपला वेन्डेल?" मग बराच विचार करून म्हणाला, "म्हणजे या जिंकण्यामागचं डोकं आपल्याच गावचं. हे मला आधी सांगितलं असतं तर माझी दोन महिने झोप तरी उडाली नसती!"

"दोन वर्षांत आपण कुणी त्याच्या दाराशी गेलो नाही," पर्ल हळू आवाजात म्हणाली. "फितूर कोण म्हणायचं मग?" आणि तिने एक अख्खा केक खोक्यात भरून लीटाच्या हातात दिला. "घेऊन जा त्याच्यासाठी. आणि सांग, सामन्याला माझ्या शेजारची जागा धरून ठेवते."

सामन्याला बाबा आले. लाल नाही, हिरवा नाही, तपकिरी कोट घालून पर्ल आणि ऑर्विलच्या मध्ये बसले. एल्डनने बास्केट केली की लीटा घसा फोडून ओरडायची. थॉर्नबीचा फ्री थ्रो आत गेला की बाबा टाळ्या वाजवायचे.

"वेन्डेल, जरा हळू वाजव," ऑर्विल कुरकुरला. "माझे शेजारी आहेत हे."

थॉर्नबीने अठरापैकी अठरा फ्री थ्रो मारले. तरी एल्डन तीन गुणांनी जिंकली. शिट्टी वाजली आणि सगळं जिम नाचायला लागलं. तेवढ्यात थॉर्नबीची घामाघूम पोरं हरलेल्या चेहऱ्यांनी कोर्ट ओलांडून लाल गर्दीत शिरली आणि एकेक करून म्हाताऱ्याचा हात हातात घेऊ लागली. गडबडीत बाबांची टोपी खाली पडली. मागच्या रांगेतून एक हात आला, त्याने ती उचलली, झटकली आणि बाबांच्या गुडघ्यावर ठेवली. तो डेलबर्ट होता. या वेळी तो लगेच निघून गेला नाही.

डेन मागच्या पॅसेजमध्ये बॉल गोळा करत होता. दोन्ही काखांत दोन दोन बॉल, आणि हनुवटीखाली पाचवा.

"तुम्ही हरलात याचं मला जराही वाईट वाटत नाहीये," लीटा म्हणाली.

"ते तुझ्या ओरडण्यावरून कळलं." हनुवटीखालचा बॉल निसटून घरंगळत गेला.

"मी आभार मानायला आलेय, डेन. बाबा शीळ घालायला लागलेत. मला दोन वर्षांत जे जमलं नाही..."

"मी काही केलं नाही गं. मला शिक्षक हवा होता, एवढंच."

"तेच तर. मी नुसती त्यांची काळजी करत होते. तुला त्यांची गरज होती." "आणि त्या दिवशी फोनवर मी जे बोलले..."

"ते सोड. पण आता मला आणखी कुणाची गरज आहे, ते सांगू?"

"सांग."

"लीटा, मी... म्हणजे..."

"अर्धं नको. एक गोष्ट पुष्कळ दिवस लपवलीस, आता दुसरी नाही लपवायची."

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," डेन भडाभडा म्हणून गेला, काखेतले बॉल घट्ट दाबून धरत.

लीटा पुढे झाली. तिने त्याच्या काखेतला एक बॉल काढून भिंतीशी ठेवलेल्या बॉलच्या पिशवीत टाकला. मग दुसरा. तिसरा. चौथा. सगळे संपले तेव्हा तिने त्याचे दोन्ही मोकळे हात आपल्या हातांत घेतले.

"आता परत म्हण," ती म्हणाली. "मीही तुझ्याबरोबर म्हणते."