उपाली : अर्थ, मूळ, लोकप्रियता

"उपाली मॅडम! चला, दुसरा थेंब घालायचाय."

अंधेरीच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात निधी परब बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून डोळे मिटून बसली होती. नर्सची हाक आली आणि तिच्या शेजारच्या खुर्चीतून एक चांगला घोगरा, पुरुषी आवाज उठला, "मॅडम नाही हो. सर."

निधीला हसू आवरेना. मिटल्या डोळ्यांनी एकटीच हसणारी बाई कशी दिसत असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

"हसा, हसा. सवय आहे मला," आवाज म्हणाला. "बँकेवाल्यांचा फोन आला की मी आधीच सांगून टाकतो, मिस्टरच बोलतोय."

"सॉरी हां... पण उपाली हे मुलाचं नाव असतं?"

"मी आहे ना नमुना. डोळे उघडले की बघा."

"अहो, मी नावांचीच नोकरी करते. बाळांच्या नावांचं ॲप आहे आमचं. अर्थ, मूळ, लोकप्रियता... दिवसाला चाळीस नावं लिहिते. हे कधी आलंच नाही."

"मग तुमचं ॲप अर्धवट आहे."

"अर्थ सांगा की, आत्ता लिहून घेते."

"आत्ता? पेन तरी दिसेल का तुम्हाला?"

अर्धा तास दोघं डोळे मिटून भांडत बसली. निघताना एकमेकांचे चेहरे नुसतेच धुरकट दिसत होते आणि फोनवरचे आकडे तर मुळीच नाहीत. शेवटी नर्सनेच दोघांचे नंबर एकमेकांच्या फोनमध्ये घातले, आणि वर "लग्नाला बोलवा" असंही सुनावलं. आगाऊच होती जरा.

दुसऱ्या दिवशी निधीने ऑफिसात ॲप उघडून पाहिलं. उपाली : मुलगी. अर्थ : उपलब्ध नाही. लोकप्रियता : शून्य. तिने त्या पानाचा फोटो काढून उपालीला पाठवला. उत्तर लगेच आलं : 'वाट लागली. मी मुलगी आहे आणि मला अर्थ नाही. चहा पाजून दुरुस्ती करून घ्या.'

चहा गोरेगावला झाला. उपाली जाधव तिथल्या स्टुडिओत मालिकांचे सेट रंगवायचा. नखांत कायम कुठला तरी रंग असायचा, त्या दिवशी देवळाच्या भिंतीचा भगवा होता. थेंबांशिवाय तो बराच देखणा दिसत होता, हे निधीने मनातल्या मनात नोंदवलं आणि वही उघडली.

"सांग. मूळ?"

"बुद्धाच्या काळातलं. उपाली हा शाक्य राजपुत्रांचा न्हावी. राजपुत्र भिक्खू व्हायला निघाले, तर हाही निघाला. तेव्हा राजपुत्रच बुद्धाला म्हणाले, आधी उपालीला दीक्षा द्या. म्हणजे तो आमच्याहून मोठा होईल, आम्हाला त्याच्या पाया पडावं लागेल आणि आमचा ताठा जाईल."

निधीची पेन्सिल थांबली. "आणि पडले पाया?"

"पडले तर. पुढे संघाचे सगळे नियम त्यालाच सगळ्यांत जास्त ठाऊक होते." त्याने चहाचा घोट घेतला. "आजोबांनी ठेवलंय नाव. त्यांचं स्वतःचं खंडू. गावात बारकी पोरंसुद्धा त्यांना ए खंड्या म्हणायची, सत्तरीपर्यंत. मी झालो तेव्हा ते म्हणाले, नातवाचं नाव असं ठेवा, की लोकांनी हाक मारायच्या आधी अर्थ विचारला पाहिजे."

तिने ते सगळं सुंदर अक्षरात उतरवून घेतलं, आणि त्या संध्याकाळी ती त्याच्या प्रेमात पडली. इतकी सरळ गोष्ट होती ती.

पुढचे आठ महिने फार गोड गेले. एका रविवारी दोघं मार्व्याहून फेरीबोटीने मनोरीला निघाली. खारा वारा तिच्या केसांची पार दशा करत होता आणि तो आपल्या रंगीत नखांनी एकेक बट तिच्या कानामागे सारत होता.

"निधी... घरी सांगूया का आता?"

"कोणाच्या?"

"माझ्या आईला माहितीये. ती रोज विचारते, कधी आणतोस म्हणून. तुझ्या म्हणतोय मी."

"सांगते ना," ती म्हणाली. "सांगते रे."

आणि इथेच तिने माती खाल्ली.

निधीचे बाबा, काशीराम परब, मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यावर पडेल ते काम करून त्यांनी मुलुंडला दोन खोल्या घेतल्या होत्या. मनाने मऊ माणूस, पण आईचं, नलिनीचं काही सांगता येत नव्हतं. शेजारी आलेल्या भाडेकरूचंसुद्धा सगळं कूळ काढणारी बाई ती. जाधव आडनाव कुठेही खपून गेलं असतं, अडचण नावाची होती. उपाली म्हटलं की अर्थ विचारणार, आणि अर्थ सांगितला की मूळ कळणार. रोज चाळीस नावं लिहिणाऱ्या निधीला हे कोणी शिकवायला नको होतं. म्हणून ती आईला म्हणाली, "उपेंद्र. उपेंद्र जाधव." आधी मुलगा आवडू दे, मग सांगू, असा तिचा हिशोब. उपालीला सांगायचं ती रोज ठरवत होती आणि रोज राहून जात होतं.

शनिवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, नखं घासूनपुसून स्वच्छ. दारात बाबाच होते.

"ये रे उपेंद्रा, बस!"

उपालीने निधीकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच विनवलं. तो आत येऊन बसला.

आईने सोलकढी आणली, कोलंबीचं कालवण वाढलं, सेटवरच्या गमतीजमती विचारल्या. तो सगळ्याची नीट उत्तरं देत होता. मग आई कौतुकाने म्हणाली, "उपेंद्र म्हणजे देवाचंच नाव ना रे?"

त्याने भातावरून हात काढला. "अर्थ निधी सांगेल, काकू. तिचं तेच तर काम आहे."

त्याने तिला संधी दिली होती. तिला ती दिसली, अगदी लख्ख दिसली. सगळे तिच्याकडे बघत होते, आईच्या तोंडावर हसू होतं... आणि निधी म्हणाली, "उपेंद्र म्हणजे विष्णू. इंद्राचा धाकटा भाऊ."

"झकास!" बाबा म्हणाले.

उपालीने पानातलं सगळं संपवलं, दोघांना नमस्कार केला. निधी त्याच्यामागे धावत जिना उतरली.

"ऐक ना... फक्त दोन महिने. त्यांना तू आवडलास रे! मग मी सगळं—"

"मी नाही आवडलो. उपेंद्र आवडला."

"तुला त्यांचा त्रास होऊ नये म्हणून केलं मी!"

"मला?" तो हसला, पण ते हसू बघवत नव्हतं. "आजोबांना खंड्या म्हणणारे परके होते, निधी. त्यांचं मी मनावर घेत नाही. तुला तर मी सगळं बसून सांगितलं होतं. तू लिहून घेतलंस."

"चुकले मी. चल वर, आत्ता सांगते."

"आता माझ्यासमोर नको. मी समोर बसलो होतो तेव्हा तू बोलली नाहीस." तिच्या खांद्यावर त्याने क्षणभर हात ठेवला, आणि तो स्टेशनच्या दिशेने चालू लागला. ती हाक मारणार होती. 'उपाली' ओठांवर आलं, वर जे उच्चारता आलं नव्हतं तेच, आणि तिची तिलाच लाज वाटली.

वर आई ताटं उचलत होती. "गुणी आहे हो मुलगा. पुढल्या रविवारी त्याच्या आईला बोलवून घे."

"त्याचं नाव उपेंद्र नाहीये, आई." निधी भिंतीला टेकून उभी राहिली. "उपाली आहे." आणि मग तिने सगळं सांगितलं. न्हावी, राजपुत्र, खंडूआजोबा. एकही शब्द न गाळता, जसं तासाभरापूर्वी सांगायला हवं होतं तसं.

आई ताटं घेऊन मोरीत गेली, ती बाहेरच आली नाही. बाबा उठून तिच्याजवळ आले.

"ह्या नाव बदलूचा," त्यांनी विचारलं, "त्येका ठावक होता?"

"नाही, बाबा."

काशीरामने लेकीकडे पाहिलं. रागाने नाही, फार वाईट वाटून पाहिलं.

"मगे तो परत येवचो नाय गो, बाय."

तो आला नाही.