बाहीवाली आणि कात्रीवाला

"सगळ्या डाव्याच बाह्या? तुमच्या घरी माणसांना एकच हात असतो का हो?"

मी गठ्ठा त्याच्या टेबलावर आपटला. मी शिलाईची, तो कटिंगचा. पठ्ठ्यानं कापडाचे सगळे थर एकाच बाजूनं घातले होते!

"चुकलं," तो गोरामोरा झाला. "पण... तुम्ही रागावता छान."

"शहाणपणा नको!" म्हणाले खरी, पण जागेवर परतताना हसू आवरेना.

आमच्या कारखान्यात शिलाई आणि कटिंगचं विळ्याभोपळ्याचं सख्य. ते साहेबांचे लाडके, आम्ही भांडकुदळ. पण हॉलच्या दाराला बाहेरून कुलूप लागायचं, ते मात्र सगळ्यांनाच. मग एकदा एका मशीनमधून धूर निघाला. दाराशी चेंगराचेंगरीत मला कुणीतरी घट्ट धरून ठेवलं. धूर विरल्यावर पाहते तर... कात्रीवाला!

त्यानंतर दोन्हीकडचे डबे एकत्र उघडायला लागले. आमच्या शिलाईतली, काजं करणारी मावशी म्हणाली, "कुलूप निघेपर्यंत काम बंद. सगळ्यांनी, एकदम." ठरलं, आधी कात्रीवाल्याचं मशीन थांबणार, मग आमची.

"थांबवशील ना?" मी त्याला विचारलं.

"तुझ्यासाठी?"

"सगळ्यांसाठी!"

"बरं... थोडं तुझ्यासाठी."

आज तो ठरलेला दिवस. घर माझ्या एकटीवर चालतं. यानं ऐन वेळी कच खाल्ली तर? बायका म्हणतच होत्या, कटिंगवाल्यांचा भरवसा नाही.

त्याचं मशीन थांबलं. मी पेडलवरून पाय उचलला. आणि... बाकी सगळी मशीनं चालूच! कुणी मान वर करेना. सुपरवायझर तरातरा माझ्याकडेच आला.

"घरी जायचंय का कायमचं?"

"सुरुवात मी केली." कात्रीवाला धावत येऊन मध्ये उभा राहिला.

"तू कटिंगचा. हिच्यासाठी मध्ये पडणारा तू कोण लागतोस हिचा?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. कान लालबुंद.

"ते... अजून विचारलं नाहीये तिला."

मावशीला खुदकन हसू फुटलं, आणि तिचं मशीन थांबलं. मग शेजारचं. मग पलीकडची रांग.

"पोरगी आमची आहे," मावशी उठली. "विचारायचं तर आम्हाला विचार. आणि साहेब, पोरगाही आमचाच. एकाला काढाल तर सगळ्यांना काढावं लागेल."

सुपरवायझर पाय आपटत मालकाला बोलवायला गेला. बाहेरून पुन्हा कुलूप लागलं. मशीनला मात्र कुणीच हात लावला नाही.

"आता काय होईल रे?" मी कात्रीवाल्याला विचारलं.

"माहीत नाही. भीती वाटते?"

"खूप. तू... आधी विचार."

त्यानं विचारलं, इतकं हळू, की एरवी मशीनच्या खडखडाटात मला ऐकूच आलं नसतं. मी "हो" म्हणाले... आणि ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं.