नाफिरीआजीचं विमान

शनिवारी सकाळी चर्चच्या गायनमंडळाचे कालोंगा मास्तर फायसनच्या दुकानात आले, ते आपल्या मोबाइलच्या कार्डात गाणी भरून घ्यायला. नचोमोलाच्या बाजारात असलं दुकान एकच. दुकान म्हणजे काय, तर पत्र्याची टपरी, आत एक जुना कॉम्प्युटर, छपरावर सोलरचा तुकडा आणि दारात दिवसभर कोकलणारा स्पीकर. इंटरनेट ज्यांना परवडत नाही ते सगळे, म्हणजे जवळजवळ सगळं गाव, आपलं कार्ड फायसनच्या हवाली करी आणि तो त्यात गाणी, सिनेमे, गमतीचे व्हिडिओ भरून देई. गावानं काय ऐकायचं आणि कशावर हसायचं हे त्या मिसरूड फुटलेल्या पोराच्या हातात होतं. पोरगं काही वाईट नव्हतं, हेच तर दुःख आहे. वाईट पोरांवर निदान घरच्यांचं लक्ष तरी असतं.

मास्तरांनी कार्ड परत मोबाइलमध्ये घातलं, पण ते निघेनात. चष्मा कपाळावर चढवून, आवाज खाली आणून ते म्हणाले, "फायसन, एक विचारतो, राग मानू नकोस."

"विचारा की, मास्तर."

"तो विमानाचा व्हिडिओ आहे ना... त्यातली बाई तुझी आई आहे का रे?"

फायसनला हसूच फुटलं. "मास्तर, चष्मा बदला आता. ती नाफिरीआजी. मेली की ती."

"मेली ते ठाऊक आहे. पुरताना मीच प्रार्थना म्हटली. दुसरं कुणी आलंच नाही." मास्तरांनी मोबाइल त्याच्यापुढं धरला. "म्हणून तर विचारतोय."

तो व्हिडिओ फायसननं थंडीच्या दिवसांत काढला होता. चिपेरोनीची, म्हणजे थंड वाऱ्याबरोबर येणाऱ्या पावसाची, भुरभुर लागलेली होती, डोंगर दिसत नव्हता. दुकान उघडायला तो लवकर आला, तर मक्याच्या गिरणीमागं ओल्या जमिनीवर नाफिरीआजी बसलेली. ओढ्यापलीकडं राहायची ती. म्हातारपणानं डोकं पार विस्कटलं होतं बिचारीचं, केव्हाही उठायची आणि चालायला लागायची. अंगाभोवती गुंडाळायची छापील चितेंजे गळून पडलेली, मांडीवर सूप. आता, रात्री सुपात बसून उडणाऱ्या चेटकिणी मंत्र तुटला की पहाटे अशाच उघड्या पडतात, हे त्या भागातल्या पोरांना चालायला लागल्यापासून ठाऊक असतं. फायसनचा त्यावर धड विश्वास होता असंही नाही. त्याला फक्त गंमत सुचली.

"बघा बघा, रात्रीचं विमान पडलं!" तो मोबाइल धरून खो खो हसत म्हणाला. "सापडली चेटकीण! पायलट जिवंत आहे, मंडळी!"

म्हातारीनं त्याच्याकडं मान वर केली. "बाळा," ती म्हणाली, "मला घरी ने रे."

त्यानं नेलं नाही. दुकानात जाऊन त्यानं त्या व्हिडिओला विमानाची घरघर जोडली आणि त्या दिवशी आलेल्या प्रत्येक कार्डात तो फुकट भरून दिला. दुपारपर्यंत व्हिडिओ अशांच्या हातात गेला ज्यांना गंमत कळत नाही. मग पोरं विटा घेऊन गिरणीमागं गेली. आरडाओरडा टपरीपर्यंत ऐकू आला, तेव्हा फायसननं स्पीकरचा आवाज वाढवला. पोलीस आले, विचारपूस केली, सगळ्यांनी कानांवर हात ठेवले, पोलीस गेले. गावच्या पोरांनी टपरीला 'विमानतळ' म्हणायला सुरुवात केली आणि धंदा जोरात चालू लागला. एका जीवाची एवढीच किंमत झाली, आणि लिहितानाही माझं रक्त उकळतं.

तर तो व्हिडिओ आता मास्तरांच्या हातात चालू होता. फायसननं निरखून पाहिलं. तोंड नाफिरीआजीचंच होतं. पण सूप धरलेल्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, भाजल्याचा चट्टा होता. फायसनची आई बाजारात मंदासी, म्हणजे पिठाचे गोड गोळे, तळून विकायची. उकळतं तेल सांडून तिच्या हातावर अगदी असाच चट्टा पडलेला होता.

"सावली आहे," फायसन म्हणाला.

मास्तर गेल्यावर त्यानं कॉम्प्युटरवरचा मूळ व्हिडिओ लावला. तिथंही चट्टा. रविवारी लावला तर हनुवटी आईची. सोमवारी त्यानं लावायचा नाही असं ठरवलं आणि तरी लावला. ओल्या जमिनीवर आई बसलेली होती, त्याची आई, उघडी, आणि त्याच्याकडं मान वर करून म्हणत होती, "बाळा, मला घरी ने रे." त्यानं व्हिडिओ पुसला. मग खाली बसून लहान पोरासारखा रडला.

आपल्याकडचा पुसला, पण गावातल्या प्रत्येक खिशातला कसा पुसणार? त्यानं टपरीवर पाटी लावली: विमानाचा व्हिडिओ पुसून घ्या, गाणी फुकट. त्याला वाटलं फुकटचं म्हटल्यावर झुंबड उडेल. आली ती पोरं कार्ड मुठीत धरून नुसती उभी राहिली.

"आताच का पुसायचाय रे?" सायकल टॅक्सी चालवणारा मावुतो म्हणाला. हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. पहिली वीट यानंच मारली असं लोक बोलत. "तेव्हा तर बोलावून बोलावून भरत होतास."

"कंटाळा आला, भावा. जुना झाला."

"जुना कुठं? रोज नवाच दिसतोय." मावुतो हसत नव्हता. "आम्ही आजवर वेगळ्याच बाईला पायलट समजत होतो, काय?"

फायसन पुसायला गेला आणि स्वतःच आईकडं बोट दाखवून बसला. त्यानं टपरी तशीच उघडी टाकली आणि घराकडं धावला. आईला सायकलवर घालायचं आणि झोंबा शहरात मावशीकडं नेऊन सोडायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. बाप कधीच गेलेला, भावंडं नाहीत. त्या बाईनं तळणीपुढं उभं राहून त्याला वाढवलं, पहिला कॉम्प्युटरही तिच्याच मंदासीतून आला. तिच्याशिवाय त्याचं म्हणून जगात कुणी नव्हतं.

आई अंगणात भिंतीकडं तोंड करून बसली होती. काल ती बाजारात गेली नव्हती आणि आजही चूल थंड होती.

"आई, ऊठ. मावशीकडं जायचंय."

"कशाला?"

"वाटेत सांगतो. ऊठ ना गं!"

तेवढ्यात कुंपणाशी पोरं आली. दुपारच्या उन्हात, सगळी ओळखीची. कुणाच्या हातात वीट, कुणाच्या हातात मोबाइल, काहींच्या दोन्ही. आरडाओरडा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"बाजूला हो, फायसन," मावुतो म्हणाला.

"अरे, ती नाफिरीआजी होती! मी स्वतः काढलाय व्हिडिओ! मीच तिथं होतो!"

"होतास ना? मग ऐक."

त्यानं बटण दाबलं. बाकीच्यांनीही दाबलं. त्या सगळ्या मोबाइलमधून फायसनचाच आवाज उठला, पुढंमागं, एकात एक मिसळून: बघा बघा... सापडली चेटकीण... आणि ते खो खो हसणं. आपलं हसणं इतकं किळसवाणं आहे हे त्याला तेव्हा कळलं.

"तूच म्हणतोयस," मावुतो म्हणाला. "आम्ही नाही."

फायसन आईपुढं हात पसरून उभा राहिला. "आई, सांग यांना. तू तेव्हा इथं नव्हतीस. झोंबाला होतीस, सांग!"

आई उठली. त्याचा हात बाजूला सारून पुढं आली. मावुतोच्या मोबाइलमध्ये डोकावून तिनं शांतपणे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "मीच ही."

"आई!"

"मावुतो, तुझी वीट मला इथं लागली." तिनं कानामागं बोट ठेवलं. "तू, लाल शर्टवाल्या, माझी चितेंजे चिखलात तुडवलीस. आणि तू रे, तू मारलं नाहीस. तू जवळ बसून मोबाइल धरलास. मी तुला पाणी मागितलं... तू म्हणालास, थांब, आधी इकडं बघ."

लाल शर्टवाला मटकन खाली बसला. ज्यानं मोबाइल धरला होता त्यानं तो हातातून टाकून दिला. पाणी मागितल्याची गोष्ट त्यानं आपल्या बायकोलासुद्धा सांगितलेली नव्हती. आई एकेकाकडं जात राहिली, ज्यानं त्यानं काय केलं ते हळू आवाजात सांगत राहिली, आणि पोरं मागं सरता सरता पळत सुटली. अंगणात विटा तेवढ्या पडून राहिल्या.

फायसनचा जीव भांड्यात पडला. त्यानं चूल पेटवली, मक्याच्या पिठाची न्सिमा रटारटा शिजवली, उसिपाची सुकी मासळी परतली आणि ताट तिच्यापुढं ठेवलं. ऊन उतरलं होतं, पण उजेड होता.

"आई, तुला गं कसं कळलं हे सगळं? तू तर इथं नव्हतीस."

"मी गिरणीमागं होते."

"चेष्टा करू नको."

"चेष्टा तुझ्याकडं, बाळा. मला कधी जमली नाही." तिनं ताटाला हात लावला नव्हता. "चित्रात तुझी आई माझ्या जागी आली. मग तिची जागा रिकामी झाली. रिकामं घर कुणी सोडतं का?"

फायसननं तिच्याकडं निरखून पाहिलं. चट्टा तोच, तोंड तेच. डोळे मात्र नाफिरीआजीचे होते, गिरणीमागून त्याच्याकडं वर केलेले.

"माझी आई... कुठाय?"

"मला जिथं ठेवलंत तिथं."

"जिवंत आहे?"

"काल खूप हाका मारत होती," ती म्हणाली. "आज जरा दमलीय."

त्यानं कोपऱ्यातली कुदळ उचलली. ती जागची हलली नाही.

"जा की. मी कुठं अडवतेय? तुझी आई आहे, उकरून काढ." मग तिनं न्सिमाचा गोळा मोडला आणि बोटांनी वळत राहिली. "कबर उकरणारा इथं चेटक्या ठरतो, ठाऊक आहे ना तुला? आणि मोबाइल आता कुणाकडं नाही?"

नचोमोलाभोवतीची सगळी झाडं सरपणाला गेली आहेत, फक्त कबरींची राई उभी आहे. तिथलं लाकूड कुणी तोडत नाही आणि प्रेताशिवाय तिथं कुणी जात नाही. आत हवा थंड होती, कुजलेल्या पानांचा वास येत होता. नाफिरीआजीची कबर कडेला होती, घाईनं पुरलेली, क्रूसही नसलेली. फायसन गुडघ्यांवर बसला. माती कोरडी होती. त्यानं तोंड जमिनीला लावून हाक मारली, "आई..."

काही नाही. पाखरूही नाही.

मग खालून, फार खोलवरून, नखानं लाकूड खरवडल्यासारखा आवाज आला. थांबला. परत आला. त्यामागोमाग अगदी थकलेली, दबलेली हाक आली, "फाये..."

तो तान्हा असताना आई त्याला फाये म्हणायची. गावात ते नाव दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

आता विचार करायला काही उरलं नव्हतं. तो उठला, कुदळ डोक्यावर नेली आणि मातीत घातली. पुन्हा घातली. ढेकळं उडाली, घाम डोळ्यांत गेला, "आलो, आई, आलो," असं तो बडबडत राहिला. राईबाहेर पाचोळा वाजला. कुणीतरी कुजबुजलं, कुणीतरी "शू..." केलं. झाडांच्या बुंध्यांमधून मोबाइलचे दिवे एकेक करून लागले. त्यानं वळून पाहिलं नाही.

कुदळ लाकडाला लागली तेव्हा खालचं खरवडणं बंद झालं.

फायसन श्वास धरून थांबला. आणि परत हाक आली, "फाये..." तेच लाडाचं नाव, तोच थकलेला आवाज. पण आता तो जमिनीतून येत नव्हता. तो त्याच्या मागून येत होता, झाडांपलीकडून, जिथं मोबाइल धरून सगळे उभे होते तिथून.

"फाये... जरा इकडं बघ ना."