मथुरेची दाढ

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. खेडच्या डॉक्टर केळसकरांच्या दवाखान्यात दात काढायचे डॉक्टरांनी आणि काढलेले मातीआड करायचे मथुरेनं. नवरा गेल्यापासून तिची चूल त्याच नोकरीवर पेटायची. मागल्या परड्यात जांभ्या चिऱ्यांनी बांधलेला खड्डा होता. रक्ताचा कापूस, वापरलेल्या सुया, किडके दात त्यात टाकायचे, वर चुना पसरायचा, फरशी सरकवायची, झालं.

एका दुपारी महिपत गाल धरून आला. आदल्या दिवशीच त्याची दाढ काढली होती.

"माझी दाढ परत द्या. घरची बोलतात, परक्याच्या हाती गेली तर करणी करतील."

डॉक्टर हसले. मथुरेनं फरशी बाजूला करून चुना उकरला. कापूस होता, सुया होत्या. दात मात्र एकही नाही. वर्षानुवर्षं टाकलेले सगळे गेले होते!

"भगताला इकलेस ना गो?" महिपत हळूच म्हणाला.

"देवाशप्पत नाय ओ..."

पण गावाचं तोंड कोण धरणार? संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत बभ्रा झाला. डॉक्टरसुद्धा तिच्या पिशवीकडे चोरून बघू लागले. ते मात्र तिला फार लागलं.

"डॉक्टर, माझी दुखरी दाढ काढा," ती तडकून म्हणाली. "तुमच्याच हातानं पुरा. मग बघू चोर कोण हाय तो!"

डॉक्टरांनी तसंच केलं. शिवाय कवळीचे साचे घ्यायचं प्लॅस्टर कालवून फरशीच्या कडा लिंपल्या आणि ओल्या प्लॅस्टरवर स्वतःचा अंगठा उठवला.

सकाळी महिपतसमोर प्लॅस्टर फोडलं. अंगठा जसाच्या तसा होता. आत चुनाही सपाट होता. दाढ नव्हती.

"मथुराबाई, चुकलो मी," डॉक्टर पडेल आवाजात म्हणाले. "उद्यापासून नेहमीसारख्या या." महिपतनं मान खाली घातली.

मथुरेचा जीव भांड्यात पडला. नोकरी राहिली, नावही राहिलं. लवंगतेलाच्या वासात ती बाकावर टेकली आणि मग तिच्या मनात पाल चुकचुकली. आपण नाही, तर मग कोण? आणि आता आपलीही दाढ त्याच्याकडे...

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

मथुरेनं गालावर हात दाबून धरला. कालपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. जबडा घट्ट मिटलेला होता. तरी गेलेल्या दाढेखाली काहीतरी सावकाश चावलं जात होतं... ओलं, केसाळ, अजून वळवळणारं.