शाकाहारी टेबलाचा रस्सा

सासूबाईंनी सांडशीने पातेलं उचललं, अंगापासून लांब धरून मागच्या दारी नेलं आणि उकळता रस्सा सगळाच्या सगळा मोरीत ओतून दिला.

"आई, ते गव्हाचं आहे," सून म्हणाली. "नुसती कणीक आहे. थोडी वाळवलेली अळंबी आहे. दुसरं काही नाही त्यात."

"मला काय नाक नाही?" सासूबाई वळल्यासुद्धा नाहीत. "आणि रेषा दिसल्या मला त्या तुकड्यांना. कणकेला कधी रेषा असतात? आजारी माणूस म्हणून घरात आणू दिला, त्याचे हे पांग फेडलेस."

"मी खोटं बोलत नाही, आई."

"बोलतेस. आणि कुणाकडून शिकलीस तेही दिसतंय मला."

बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर तिचे वडील पडून होते. मध्ये भिंत नव्हती, नुसता पडदा होता... आणि पडद्यापलीकडून आतापर्यंत येणारा त्यांचा खोकला अचानक थांबला होता.

तिचे वडील एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आचारी होते. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. त्यांच्या मटणाच्या वासाने यंत्रावरची माणसं घड्याळाकडे बघायला लागत. तिची आई लवकर गेली, तेव्हापासून कॅन्टीनमध्येच कांद्याच्या पोत्यांवर बसून अभ्यास करत ती वाढली. पुढे कार्यालयात शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मुलाशी तिचं जमलं. त्याच्या घरी अंडंसुद्धा चालत नव्हतं. तिने कुणी न सांगता मांसाहार सोडला आणि सोडला याचा कधी उच्चारही केला नाही. तरीही सासूबाईंच्या मनात कुठेतरी एक अढी राहिलीच होती. तिने चिरलेली भाजी त्या पुन्हा एकदा धुऊन घेत. ती बघायची आणि गप्प बसायची. लग्न करून आलेल्या माणसाने किती वर्षं पाहुणं राहायचं, एवढा एकच प्रश्न तिच्या अंतःकरणात मूकपणे ठसठसत असे.

वस्ताद आजारी पडले, अन्नावरची वासनाच उडाली, तेव्हा नवऱ्याने आईची समजूत काढून त्यांना इकडे आणलं होतं. पेज नको, खिमट नको, काहीच नको. मग आज सकाळी ते स्वतःहून म्हणाले, "ठमे, तो शाकाहारी टेबलाचा रस्सा करशील?"

कॅन्टीनमध्ये कोपऱ्यात एक टेबल शाकाहारी माणसांचं होतं. सणासुदीच्या जेवणाला सगळे तुटून पडलेले असायचे आणि ती चार माणसं बटाट्याची भाजी चिवडत बसायची. ते वस्तादांना बघवेना. म्हणून त्यांनी खटाटोप करून हा रस्सा बसवला होता. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी तिला सगळं सांगितलं. कणीक घट्ट मळायची, पाण्यात बुडवून ठेवायची, मग पाण्यातच चोळत राहायचं. पांढरं पाणी निघून जातं आणि हातात चिवट गोळा उरतो. तो वाफवायचा. सुरी लावायची नाही, हाताने फाडायचा, म्हणजे रेषा निघतात. सांगताना त्यांच्या गालांवर जरा रंग आला होता. तिला वाटलं, या घरात मटण मिळायचं नाही म्हणून बाबा दुधाची तहान ताकावर भागवतायत... आणि ती जीव ओतून कामाला लागली होती.

पडदा बाजूला सारून ती बाहेर आली तेव्हा ते उठून बसले होते आणि सदऱ्याची बटणं लावत होते.

"मला घरी सोड," ते म्हणाले.

"बाबा, त्यांचा गैरसमज झालाय. मी सांगते त्यांना."

"नको सांगूस. त्यांचं घर आहे. आपल्या पायगुणाने कुणाचं स्वयंपाकघर बाटलं असं त्यांना वाटलं, तर त्यांना अन्न गोड लागेल का?" ते हसायचा प्रयत्न करत होते. "मला भूक नव्हतीच गं. तुला काहीतरी काम म्हणून सांगितलं."

नवऱ्याने पुष्कळ विनवलं, पण संध्याकाळी वस्ताद आपल्या खोलीवर परत गेले. ती रोज कार्यालयातून थेट त्यांच्याकडे जाऊ लागली. सासूबाईंशी ती कामापुरतं बोले. भांडणही नाही, रुसवाही नाही. तिच्या आतलं काहीतरी त्या मोरीतून वाहून गेलं होतं.

एका सुट्टीच्या सकाळी दारात एक म्हातारे गृहस्थ आले. कॅन्टीनच्या कोठीवर आयुष्य काढलेले, वस्तादांचे दोस्त. वस्ताद इथे आहेत असं ऐकून भेटायला आले होते. दार सासूबाईंनी उघडलं.

"गेले ते. आमच्याकडचं जेवण मानवलं नाही त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "मटणाशिवाय चालत नसेल."

कोठीवाले गोंधळले. "मटण? वस्ताद कुठे खातात मटण? मुलीचं लग्न ठरलं तेव्हापासून तोंडात घातलं नाही. शेकडो माणसांचं शिजवायचे, पण चव बघायला मला बोलवायचे. मी चिडवायचो, तर म्हणायचे, उद्या लेकीच्या सासरी पानावर बसायची वेळ आली तर त्या माणसांना माझा संकोच नको वाटायला. कणकेचा तो रस्सा असायचा ना, तेवढाच खायचे. शाकाहारी टेबलावर बसून."

स्वयंपाकघरात तिच्या हातातलं ताट ओट्यावर आदळलं. ती माहेरी जाई तेव्हा तिच्यासोबत वरणभात जेवताना बाबा म्हणत, मटण खावंसं वाटतं, पण आता वयाला पचत नाही... आणि तिने ते खरं मानलं होतं. पोटच्या मुलीलासुद्धा त्या माणसाने पत्ता लागू दिला नव्हता.

कोठीवाले गेल्यावर सासूबाई आत आल्या. त्यांनी कणकेचा डबा पुढे ओढला.

"कणीक किती घ्यायची?" त्यांनी विचारलं.

तिने सांगितलं, पण त्यांच्याकडे न बघता. सासूबाईंनी मळलं, पाण्यात चोळलं, वाफवलं. फाडताना रेषा सुटू लागल्या तसा त्यांचा चेहरा पिळवटला. आयुष्यात कधी ज्या गोष्टीचा वाससुद्धा सोसला नव्हता, तिच्यासारखं हुबेहूब दिसणारं हे काहीतरी त्यांच्या बोटांत होतं. मीठ बघायला त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला. चिवट घास दाताखाली आला आणि त्यांना उमळून आलं. पदर तोंडाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या चावत राहिल्या... आणि त्यांनी तो घास गिळला.

"मीठ बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "डबा भर."

वस्तादांची खोली एका जिन्याखाली होती. त्यांना आता चमच्याने दिलेलं पाणीही कष्टाने उतरत होतं. दारात विहीणबाईंना बघून ते उठू लागले, पण सासूबाईंनी खांद्याला हात लावून त्यांना निजवलं.

"मी केलाय," त्यांनी डबा उघडला. "माझ्या हाताने. तुम्ही खाल ना?"

वस्तादांनी मानेनेच नाही म्हटलं. घास उतरणार नव्हता. पण हात पुढे करून त्यांनी एक तुकडा घेतला, दोन बोटांत दाबला आणि सावकाश फाडून पाहिला. क्षणभर ते आजारी राहिले नाहीत, कॅन्टीनचे वस्ताद झाले.

"अजून धुवायला हवी होती," ते पुटपुटले. "आत पीठ राहिलंय. पण रेषा छान सुटल्यात."

"पुढच्या वेळी जास्त धुईन."

"हो," ते म्हणाले. रश्श्यात बोट बुडवून त्यांनी जिभेला लावलं आणि डोळे मिटून घेतले. "ठमे, विहीणबाईंना बसायला दे. उभ्या आहेत कधीपासनं."

पुढची वेळ आली नाही. त्याच आठवड्यात वस्ताद गेले, झोपेतच.

सगळे विधी उरकल्यावर ती त्यांच्या खोलीत आवराआवर करायला गेली आणि काहीच न आवरता भिंतीशी बसून राहिली. अजून ती रडली नव्हती. दार ढकलून सासूबाई आत आल्या आणि तिच्या शेजारी, त्याच उघड्या फरशीवर बसल्या.

"मला माफ कर, असं म्हणायला आले नाही मी," त्या म्हणाल्या. "ज्यांची माफी मागायची ते ऐकायला नाहीत. आणि तुझ्याकडे मागितली तर तू देशील, मला माहीत आहे. तुझा स्वभावच तो. म्हणून मागत नाही." त्यांचा आवाज फुटला. "त्या दिवशी ते पातेलं उचलायला माझा हात का गेला गं... जिथल्या तिथे का नाही राहिलं..."

मनातला राग तिने चाचपून पाहिला. तो होता, पण त्याला धरून बसायचं बळ आता तिच्यात उरलं नव्हतं. शेजारी एक म्हातारी बाई रडत होती, सकाळपासून उपाशी असावी, ओठ सुकले होते. कॅन्टीनमध्ये वाढलेल्या मुलीला तेवढं बघून कळतं.

"आई, जेवलात का?" तिने विचारलं.

सासूबाईंनी नकारार्थी मान हलवली.

तेव्हा कुठे तिला रडू कोसळलं. रडत रडतच ती उठली, वडिलांच्या फळीवरचे डबे एकेक उघडून पाहू लागली आणि दुसऱ्या हाताने तिने शेगडी पेटवली.